तीन रंगांची मांजर भाटीच का असते?

प्रश्न : आमच्या वाड्यात एक मांजर आहे, पांढरी आणि अंगावर काळे-केशरी मोठे मोठे डाग. शेजारचे काका म्हणतात अशी तीनरंगी मांजर भाटीच असते, बोका कधी नसतोच. खरंय का? आणि सगळ्या पेशींत डीएनए सेमच असतो ना, मग डाग कसे पडतात?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका जवळजवळ बरोबर आहेत. तीनरंगी बोका क्वचित सापडतो, पण त्याच्यात बहुतेक वेळा एक एक्स क्रोमोझोम (पेशीतल्या डीएनएची एक गुंडाळी, जिच्यावर जीन असतात) जास्तीचा असतो आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. पांढऱ्याचं सोडा, तो वेगळ्याच जीनचा कारभार. खरी गंमत काळ्या-केशरीची.

केशरी रंग ठरतो एक्सवर. भाटीकडे एक्स दोन, बोक्याला एकच, म्हणून बोका एकतर केशरी नाहीतर काळा; भाटीच्या एका एक्सवर केशरी असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर तिच्यात दोन्ही. आता दोन्ही एक्स चालू ठेवले तर त्यांच्यावरच्या जीन्सचा डोस डबल होणार, म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी एक एक्स बंद करून टाकते, कुठला ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, आणि पुढे त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच बंद ठेवतात. केशरीवाला चालू राहिला तिथे केशरी डाग, दुसरा राहिला तिथे काळा. ही कल्पना जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली, उंदरांच्या रंगांवरून.

बंद होतो म्हणजे काय, तर त्याच एक्सवर एक्सआयएसटी नावाचा आरएनए (डीएनएवरून उतरवलेली प्रत) तयार होतो आणि त्यालाच चिकटून पसरतो, मग डीएनएवर मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) बसतात आणि सगळा ऐवज इतका घट्ट गुंडाळला जातो की मायक्रोस्कोपखाली नुसता ठिपका दिसतो. बार आणि बर्ट्रम या शास्त्रज्ञांना तो १९४९ साली दिसला, तोही मांजरीच्याच चेतापेशींत!

केशरीचा जीन नेमका कुठला हे मात्र आत्ता आत्ता कळलं. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन टीम्सनी दाखवलं की एआरएचजीएपी३६ या जीनपाशी डीएनएचा सुमारे ५ हजार अक्षरांचा तुकडा गायब असतो. प्रोटीन बिघडलेलं नाही बरं का, बिघडलंय ते जीन चालू-बंद करणारं बटण, त्यामुळे एरवी रंगपेशींत झोपलेला हा जीन तिथे जागा होतो आणि काळा रंग बनणं थांबतं.

आणि तुम्ही उद्या या मांजरीचा क्लोन केलात तरी हेच डाग मिळायचे नाहीत. टेक्सासमध्ये २००१ साली रेनबो नावाच्या तीनरंगी भाटीचा क्लोन केला, त्या पिल्लाचं नाव सीसी, तर तिच्या अंगावर केशरी नावालाही नव्हता, कारण ज्या पेशीतून डीएनए घेतला तिच्यात केशरीवाला एक्स बंद होता आणि तो बंदच राहिला.