थिअरीच्या तासाला तंबोरा असू दे

चि., अनेक आशीर्वाद.

संगीत विभागात इतिहास शिकवायला रुजू झालीस, फार आनंद झाला. पहिलं वर्ष जड जाईल. गाणारी मुलं तुझ्या विषयाला ‘थिअरी’ म्हणतील आणि परीक्षेच्या आठवड्यापर्यंत वही उघडणार नाहीत. मनाला लावून घेऊ नकोस.

१९०१ लाहोर, गांधर्व महाविद्यालय. १९१६ बडोदा, पहिली संगीत परिषद. नुसत्या सनावळ्या दिल्यास की तास मेलाच म्हणून समज. मला एका मुलीनं विचारलं होतं, “सर, यानं माझा ख्याल सुधारेल का?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढच्या तासाला तिला तंबोरा लावायला सांगितला, हातात घड्याळ घेतलं आणि म्हटलं, तीन मिनिटांत भूप राग गा, पण पुरा वाटला पाहिजे. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, आधीच सुटला, आलाप चार स्वरांत आटोपला, ताना घाईनं निघाल्या. मग गायिका गौहरजानची जुनी ग्रामोफोन तबकडी ऐकवली. तिनं १९०२ साली कोलकात्यात पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं. तबकडीच्या एका बाजूला मिळायची जेमतेम तीन मिनिटं, त्यातच शेवटी इंग्रजीतून स्वतःचं नावही सांगायचं. वर्ग गप्प झाला. त्या दिवशी त्या मुलीनं गळ्यानं इतिहास शिकला.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. एका घराण्याची गोष्ट मी भर वर्गात ‘दंतकथा’ म्हणून उडवून लावली. ती ज्याच्या गुरुजींनी सांगितली होती, तो मुलगा समोरच बसला होता. तो पुन्हा माझ्या तासाला आला नाही. ते आजही सलतं. तेव्हापासून अशी गोष्ट ऐकली की कोणी, कधी, कोणाला सांगितली, एवढं आधी टिपून घेतो. खरं-खोटं नंतर. अस्सल कामाला सुरुवात तिथूनच होते.

पीएचडीचं म्हणशील, तर पदोन्नतीच्या घाईत विषय उरकू नकोस. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, तीही गुरुशिष्यांच्या संवादातून. हे धन तुला थेट वाचता येतं, अनुवादाची गरज नाही. ते चारही भाग वाच, पेन्सिल हातात घेऊन. आणि आठवड्यातून एकदा सहकाऱ्यांच्या रियाजाला कोपऱ्यात जाऊन बस. त्यांना वाटू दे की तू त्यांच्यातली आहेस.

दिवाळीच्या सुटीत ये. माझ्याकडच्या तबकड्या तुझ्या वर्गासाठी काढून ठेवल्या आहेत. ग्रामोफोनची सुई तेवढी नवी आण.

तुझा,
सर