रिग आणण्याआधी ग्रामसभेत जा

दूध शीतकरण केंद्रासाठी जमिनीत पाइप सोडून थंडावा घ्यायचाय आणि गाव म्हणतंय 'हे आमचं पाणी उपसणार', ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचा सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवला. हीट पंप दुधातली उष्णता काढतो आणि लूप, म्हणजे जमिनीत सोडलेला बंद पाइप, ती खाली सोडतो, हे तुम्हाला ठाऊकच असणार, बाकी तपशील सोडतो.

विहिरी तळाला गेलेल्या आणि आम्ही रस्ता मोकळा मिळावा म्हणून रिग, म्हणजे बोअर मारायची गाडी, आणली रात्री. गावात कुणाला पत्ता नाही. सकाळी गेटवर चाळीसेक माणसं. मी घसा कोरडा करून सांगतोय, थेंबभर पाणी काढायचं नाही, बंद पाइपात तेच तेच फिरतं. एक आजी म्हणाल्या, "मग बोअरची गाडी चोरून कशाला आणली रं?" यावर काय बोलणार? सात महिने काम बंद.

त्यात एका कार्यालयानं (नाव नको) अर्ज दोनदा परत पाठवला. 'रोजचा उपसा' या रकान्यात 'निरंक' लिहिलं, तर शेरा 'माहिती अपूर्ण'! महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यातली बोअरच्या खोलीची ६० मीटरची मर्यादा मात्र लगेच दाखवली. शेवटी आम्ही ५५ मीटरचेच, पण संख्येनं जास्त बोअर घेतले. तुमच्याकडे काय चालेल ते लेखी विचारून घ्या, मी वकील नाही.

ग्रामसभेत एका पोरानं जर्मनीतल्या श्टाउफेनचा व्हिडिओ दाखवला. २००७ मध्ये नगरपालिकेच्या इमारतीसाठी बोअर मारले, पाणी खालच्या अ‍ॅनहायड्राइट नावाच्या खनिजाच्या थरात शिरलं, त्याचं जिप्सम होऊन जमीन फुगली, घरांना तडे गेले. खरं आहे ते, उडवून लावू नका. आपल्याकडे काळा कातळ, तसला थर नाही, एवढं शांतपणे सांगा.

गाव वळलं ते विहिरींमुळे. गावातल्याच पोरांनी टेप सोडून पातळी मोजली, कठड्यावर ऑइलपेंटनं तारखेसह लिहिली, दर अमावस्येला पुन्हा. ओढ्यापलीकडच्या लांबच्या विहिरीही धरा, नाहीतर पाऊस ओढला की खापर तुमच्यावर.

माझं मत विचाराल तर नुसत्या थंडाव्यासाठी हे करू नका. आपल्याकडे बारा महिने उष्णता जमिनीतच ढकलली जाते, मग तीही तापते. दुधातून निघालेल्या उष्णतेवर आधी कॅन धुण्याचं पाणी तापवा, उरेल तीच खाली सोडा.

आणि हो, पाइप सोडल्यावर बोअरमधली पोकळी भरताना बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) वरून ओतू देऊ नका. नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरायचं. ठेकेदार जेवणाच्या सुट्टीत उरकायला बघतो, तेव्हा तिथंच उभे राहा.