ग्लिसरॉलच्या इलेक्ट्रोकेमिकल ऑक्सिडेशनसाठी कुठला धातू घ्यावा: प्लॅटिनम, सोनं की निकेल?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात एम.एस्सी. करताय, प्रोजेक्टला हा विषय मिळालाय आणि सगळ्यांत जास्त करंट कुठला धातू देतो ते हवंय. मी सोलापुरातच रसायनशास्त्र शिकवतो आणि या अभिक्रियेवर (इलेक्ट्रोडवर विजेच्या जोरावर ग्लिसरॉलमधून इलेक्ट्रॉन काढणं) काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

करंट किती येतो हे नंतर बघा. आधी ग्लिसरॉलपासून काय बनवायचंय ते ठरवा. इथे धातू बदलला की नुसता वेग बदलत नाही, हाती येणारा पदार्थच बदलतो. ग्लिसरॉलमध्ये तीन कार्बन आणि प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट. कडेचा गट ऑक्सिडाइझ झाला तर ग्लिसराल्डिहाइड आणि पुढे ग्लिसरिक आम्ल, मधला झाला तर डायहायड्रॉक्सिअॅसिटोन, आणि कार्बन-कार्बन बंध तुटले तर ग्लायकोलिक आम्ल, फॉर्मिक आम्ल. पहिल्या पायरीला २ इलेक्ट्रॉन निघतात, तीन फॉर्मेटपर्यंत (फॉर्मेट म्हणजे फॉर्मिक आम्लाचं अल्कलीतलं रूप) जायला ८, आणि थेट कार्बन डायऑक्साइड झाला तर १४. म्हणजे मोठा करंट दिसला तरी तो चांगल्या मालाचा आहे की सगळं जाळून टाकल्याचा, हे नुसत्या करंट-व्होल्टेजच्या आलेखावरून कळत नाही.

प्लॅटिनम आम्लात आणि अल्कलीत दोन्हीकडे चालतं आणि कमी व्होल्टेजला सुरू होतं. पण तुटलेल्या तुकड्यांतून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि करंट उतरत जातो. त्यावर बिस्मथचे अणू बसवले की मात्र गंमत होते: मधल्या गटाचं ऑक्सिडेशन वाढतं आणि आम्ली द्रावणात प्रामुख्याने डायहायड्रॉक्सिअॅसिटोन मिळतं. हे २०१२ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं, आणि मला या विषयातलं सगळ्यांत सुंदर काम तेच वाटतं.

सोन्याचा स्वभाव वेगळा. आम्लात ते जवळपास गप्प असतं, अल्कलीत एकदम जागं होतं. कारण पहिला प्रोटॉन काढायचं काम द्रावणातला हायड्रॉक्साइड करतो, सोनं त्याच्या पुढचं. तिथे आधी ग्लिसरिक आम्ल मिळतं, व्होल्टेज वाढवलं की बंध तुटू लागतात. पॅलेडियमही अल्कलीतच चांगलं चालतं.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: निकेल फोम (स्पंजसारखं सच्छिद्र निकेल) घ्या. स्वस्त आहे आणि त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये निकेलवर हायड्रॉक्साइडचा थर येतो. आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड, व्होल्टेज सांगायचा संदर्भ) तुलनेत साधारण १.३५ व्होल्टला तो ऑक्सिहायड्रॉक्साइड होतो आणि नेमका तिथूनच ग्लिसरॉलचा करंट चढू लागतो. मुख्य पदार्थ फॉर्मेट. त्याच निकेलवर पाण्यातून ऑक्सिजन काढायला याहून बरंच जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून समोरच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे कॅथोडवर, सुटणारा हायड्रोजन कमी विजेत मिळतो. ९२ ग्रॅम ग्लिसरॉल पूर्णपणे फॉर्मेटमध्ये गेलं तर ८ ग्रॅम हायड्रोजन. १०० किलो बायोडिझेलमागे जवळपास १० किलो ग्लिसरॉल उरतं. आपल्याकडच्या भजी-वड्यांच्या गाड्यांवरचं तळून झालेलं तेल बायोडिझेलला जायला लागलं, तर या उरलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न इथलाच होईल.

आता प्रत्यक्ष कामाचं. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो) म्हणून मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड वापरा. सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड अल्कलीत टिकत नाही आणि त्यातून क्लोराइड झिरपतो. १ मोलर अल्कलीत आरएचईवर यायला वाचनात सुमारे ०.९२ व्होल्ट मिळवायचे. काउंटरला (करंटचं वर्तुळ पुरं करणाऱ्या समोरच्या इलेक्ट्रोडला) प्लॅटिनमची तार लावू नका, ती थोडी विरघळून तुमच्या निकेलवर बसू शकते. ग्राफाइटची कांडी लावा. एमआयडीसीत ओळखीच्या डाइंगवाल्याकडून कॉस्टिक (अल्कली) फुकट मिळेल, तेही नको. लोखंडाचा नुसता अंश असला तरी निकेलवर ऑक्सिजन सुटणं खूप सोपं होतं आणि तुलनाच बिघडते. सेल टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर उत्तम, कारण काच अल्कलीत झिजते. आणि गॉगलशिवाय अल्कलीला हात लावू नका.

पदार्थ मोजल्याशिवाय प्रोजेक्ट पुरा झाला असं समजू नका, हे मी आग्रहाने सांगतो. १०० मिलिअँपिअर तासभर चालला आणि सगळा चार्ज फॉर्मेटला गेला, तर १.४ मिलिमोल फॉर्मेट मिळायला हवा. तेवढा मिळाला का? कमी असेल तर बाकीचा चार्ज कुठे गेला? एचपीएलसीवर (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) ग्लिसरॉल आणि डायहायड्रॉक्सिअॅसिटोन यांचे पीक नेहमीच्या आयन-एक्सक्लूजन कॉलमवर एकमेकांवर येतात, म्हणून आरआय (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स) डिटेक्टरसोबत यूव्ही (अतिनील) डिटेक्टरही चालू ठेवा. यूव्हीला ग्लिसरॉल दिसत नाही. फॉर्मेटसाठी प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चाचणी) सोपं, ८.४ पीपीएमजवळ एकटा पीक येतो. सॅम्पल पुण्याला पाठवायचं असेल तर आधी उदासीन करून थंड ठेवा. अल्डिहाइड आणि डायहायड्रॉक्सिअॅसिटोन अल्कलीत नुसते उभे राहिले तरी बदलतात, लॅक्टिक आम्लसुद्धा होतं, आणि मग ते इलेक्ट्रोडचं श्रेय समजलं जातं.

सुरुवात शुद्ध ग्लिसरॉलने करा. बायोडिझेलचं कच्चं ग्लिसरॉल घ्यायचं झालं तर त्यात मेथॅनॉल, साबण आणि क्षार असतात. मेथॅनॉलही निकेलवर फॉर्मेटच देतं, त्यामुळे फॉर्मेट कुठून आला हे सांगता येत नाही. ते आधी उडवून लावा, फ्यूम हूडमध्ये, ज्वालेपासून दूर.

आणखी एक, आपल्या गावापुरतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, लॅबही तापलेली असते. तापमान वाढलं की करंट वाढतो, आणि जानेवारीतले आलेख मेमधल्यांशी जुळत नाहीत. सेल थंडही करता येणाऱ्या वॉटर बाथमध्ये ३० अंशांना धरा. पहिले व्होल्टॅमोग्राम (करंट-व्होल्टेजचे आलेख) आले की स्कॅन रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) आणि तापमान लिहून इथेच टाका, मी बघतो.