ढोल, स्टँडअप आणि डॉक्टरची खोटी अपॉइंटमेंट

ताई,
मी 25 वर्षांचा. मूळचा बार्शीचा. पुण्यात वाकडला मित्रांसोबत राहतो, हिंजवडीतल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. क्लायंट अमेरिकेचा, त्यामुळे रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी मीटिंग, संध्याकाळी साडेसातला. गेल्या वर्षीपासून ढोलपथकात आहे. सराव म्हात्रे पुलाजवळ आणि नेमका त्याच वेळेला. परवा मॅनेजरला ‘डॉक्टरकडे जायचंय’ सांगून सरावाला गेलो आणि रात्री कहर म्हणजे वादनाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. मॅनेजरने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी फक्त ‘तब्येत बरी का?’ एवढंच विचारलं. तेव्हापासून मला त्याच्याकडे बघायची लाज वाटते. टीममधली बाकीची मुलं रात्री लीटकोडवर मुलाखतीची प्रोग्रॅमिंगची कोडी सोडवतात, एआयचे कोर्स करतात. बाबा म्हणतात, एवढा इंजिनियर होऊन ढोल कसले बडवतोस? पथक सोडून देऊ का?
– ढोलवाला, वाकड

अरे ढोलवाल्या,

पथक सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आधी ते स्टेटस निस्तरू. खोटं बोलून वर पुरावाही स्वतःच टाकणारा तू पहिला नाहीस, पण ‘तब्येत बरी का’ एवढ्यावर थांबणारा मॅनेजर सगळ्यांच्या नशिबात नसतो. त्याने तुला वाट करून दिली आहे. उद्या त्याला चहाला घेऊन जा. चॅटवर लिहू नकोस, लिहिलेली माफी उगाच खुलाशासारखी दिसते. म्हणायचं एवढंच: “त्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलो नव्हतो, पथकाच्या सरावाला गेलो होतो. खोटं सांगायला नको होतं.” झालं. परंपरा, संस्कृती, मनावरचा ताण हे सगळं मध्ये आणू नकोस. आणि त्याच चहावर वेळ बदलून मागू नकोस. माफीला मागणी चिकटली की तो सौदा होतो.

मागणी दोन-चार दिवसांनी कर, पण जाताना घड्याळ नीट समजून जा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे तुमच्या सरावाचे सगळे महिने त्यांच्या उन्हाळी वेळेत पडतात. तुझा क्लायंट न्यूयॉर्कच्या बाजूचा असेल, तर आपले साडेसात म्हणजे तिथले सकाळचे दहा. स्टँडअप साडेआठला घेतला तर आपल्याकडे सहाच वाजलेले असतात. साडेआठला लॅपटॉप उघडणारे लोक तिथे भरपूर असतात, फक्त आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आपल्याकडे क्लायंटची वेळ म्हणजे ब्रह्मदेवाने लिहिलेली, असा एक समज आहे. क्लायंट कॅलिफोर्नियाचा असेल तर मात्र तिथे सकाळचे सातच वाजलेले असतात, आणखी अलीकडे ओढता येणार नाही. मग आठवड्यातले दोन दिवस लेखी अपडेट देण्याची परवानगी माग. काल काय झालं, आज काय करतोय, कुठे अडलंय, या तीन ओळी सहापर्यंत चॅनेलवर टाकायच्या. स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या नियमात स्टँडअप पंधरा मिनिटांचा आहे. तुमच्याकडे तो किती लांबतो, ते तुलाच माहीत.

आणि काहीही झालं तरी हिंजवडी ते म्हात्रे पूल बाइक चालवत, हेल्मेटमध्ये फोन खुपसून कॉल घ्यायचा नाही. तसं करणारे रोज दिसतात, म्हणून सांगते.

गणपतीच्या तारखा लपून राहत नाहीत. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे ती 14 सप्टेंबरवर गेली. कालनिर्णय बघ, विसर्जनाचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस आत्ताच रजेत टाक. त्या आठवड्यात ऑनकॉल, म्हणजे अडलं तर फोनवर हजर राहायची पाळी, तुझ्या वाट्याला येत असेल तर अदलाबदल कर. बदल्यात नाताळचा आठवडा घे. निम्मी टीम तेव्हा गोव्याला जायच्या बेतात असते, सौदा पटकन जमेल.

आता लीटकोड. नोकरी बदलायची ठरवली असशील तर मुलाखतीआधी काही महिने ते सोडव, इलाज नाही. पण नुसतं बाजूचा सोडवतोय म्हणून रात्री बाराला पेंगत ‘झाड उलटं करा’छाप कोडी सोडवत बसणं, याला मी शिक्षण म्हणणार नाही. एआयची भीती खोटी आहे असं मी सांगणार नाही. ठरावीक साच्यातला कोड आता मशीन भराभर लिहून देतं, ते तू रोज बघतोस. पण तुझ्याच कामातलं एक उदाहरण घे. सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, डेटाबेसमध्ये कुणीतरी भारतीय वेळेत लिहून ठेवलेली, आणि पहाटे चारची ऑर्डर रिपोर्टमध्ये कालच्या तारखेला दिसते. ग्राहक ओरडतोय, पैसे कापलेत, आकडे जुळत नाहीत. हा साडेपाच तासांचा घोळ नेमका कोणत्या ओळीत शिरला, तो दुरुस्त करताना जुन्या नोंदींचं काय करायचं आणि कुणाला आधी विचारायचं, हे ज्याला कळतं तो टिकतो. हे शिकायला रात्र जाळावी लागत नाही. महिन्यातून एक असा बग मागून घे, मुळापर्यंत जा, सापडलं ते अर्ध्या पानात लिहून टीमला दे. हे सगळं ऑफिसच्या वेळेत, पगारात.

मग संध्याकाळ उरते. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, कमरेला ढोल. फोन धरायला तिसरा हात नाही. तुझ्या दिवसात असे दोन तास दुसरे कुठले आहेत सांग. इथे कोडिंगच्या साइटसारखे रोजच्या कामाचे हिरवे चौकोन भरत नाहीत, सलग किती दिवस आलास याचा बिल्ला मिळत नाही. ताल चुकला तर शेजारचा ओरडतो, दोरी सैल पडली तर दोघं मिळून ओढता, संपलं. मला विचारशील तर याचीच तुला जास्त गरज आहे. मात्र दिवसभर कीबोर्ड आणि संध्याकाळी टिपरू, काम त्याच मनगटांना. मुंग्या यायला लागल्या तर खरंच डॉक्टरकडे जा. कानात इअरप्लग घाल, पथकातली मुलं हसली तरी.

बाबांशी वाद घालू नकोस. ‘ढोल कसले बडवतोस’ यातला राग ढोलावर कमी आहे, नोकरी जाईल ही धास्ती जास्त आहे. रविवारच्या फोनवर कामाचं दोन वाक्यं जास्त सांगत जा. तो तारखांचा बग त्यांना समजेल, हिशेबाच्या वह्या तपासलेल्या कुणालाही समजतो. आणि जमलं तर त्यांना मिरवणूक बघायला बोलाव, पण मतपरिवर्तन वगैरेची अपेक्षा न ठेवता. गर्दी बघून वैतागतील, तेही चालेल.

शेवटचं एक, कारण हे होणार म्हणजे होणारच. तू कॉम्प्युटरवाला आहेस हे पथकात कळलं असेल, तर लवकरच कुणीतरी दादा खांद्यावर हात ठेवून म्हणेल, “आपल्या पथकाचं एक अॅप कर ना, हजेरीचं. तुला काय, दोन तासांचं काम.” ते दोन तासांचं नसतं. मग त्यात वर्गणी हवी, ड्रेसचं माप हवं, आयफोनवर चालत नाही, आणि तुझा सराव पुन्हा ऑफिस होऊन बसतो. गोड बोलून नाही म्हण. फार झालं तर गूगल फॉर्म करून दे. त्याची शीटही दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर ठेव, नाहीतर रात्री अकराला ‘माझी हजेरी लागली नाही’ म्हणून फोन तुलाच येतील.