ड्रिलच्या बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या कंदिलात बल्बऐवजी एलईडी कसा बसवावा?

बसवता येतो आणि छान उजेड पडतो. पण १२ व्होल्टची एलईडी पट्टी बॅटरीला थेट जोडू नका. दुकानदाराने सुचवलेला "एक रेझिस्टर टाका, काम झालं" हा उपायही नको (रेझिस्टर म्हणजे करंट अडवणारा छोटा भाग).

तुमच्या प्रश्नावरून मी असं धरून चालतो: १८ व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलच्या सेटमध्ये मिळालेला कंदील आहे, खालून बॅटरी सरकवायची, वर छोटा बल्ब. बल्ब उडाला, तसा आता मिळत नाही. सेटबरोबरची निकेल-कॅडमियम बॅटरी मेली आणि तुम्ही त्याच मापाची लिथियम बॅटरी घेतली. शेतावर आणि लाइट गेल्यावर घरात वापरायचाय, उजेड आधीपेक्षा भरपूर हवा.

आधी बल्बबद्दल दोन शब्द, कारण खरी मेख तिथे आहे. जुना बल्ब नुसता उजेड देत नव्हता, आणखी दोन कामं मुकाट्याने करत होता. तार तापली की तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीच्या वर जातो, त्यामुळे बॅटरी ताजी असो की अर्धी, करंट आपोआप आवरलेला राहायचा. आणि बॅटरी उतरत आली की बल्ब पिवळा, मग तांबूस व्हायचा. आपण शिव्या घालून बॅटरी चार्जिंगला लावायचो. एलईडी यातलं काहीच करत नाही. व्होल्टेज जरासा वाढला की त्याचा करंट भसकन वाढतो, तापला की आणखी वाढतो. आणि चांगला ड्रायव्हर (करंट ठरलेल्या पातळीवर राखणारं सर्किट) लावला की एलईडी बॅटरी शेवटच्या घटका मोजत असतानाही तितकाच लख्ख जळतो. म्हणजे ही दोन्ही कामं आता तुम्हाला करायची आहेत. बाकी सगळी सुतारकी.

१८ व्होल्ट हे नुसतं नाव आहे. आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक असतात, सरासरी ३.६ व्होल्टचे. पूर्ण चार्ज असताना प्रत्येकी ४.२, म्हणजे एकूण २१. रिकामे म्हणायचे तेव्हा प्रत्येकी ३, म्हणजे १५. काही पॅकवर "२० व्होल्ट मॅक्स" असं लिहिलेलं असतं, तेही हेच पाच सेल, आकडा फक्त वरच्या टोकाचा छापलेला. तुमच्या जुन्या निकेल-कॅडमियममध्ये १.२ व्होल्टचे पंधरा सेल होते आणि तीही सेलला १ व्होल्ट, म्हणजे १५ वरच थांबवायची असते. तेव्हा तुमच्या दिव्याला १५ ते २१ एवढ्या पट्ट्यात चालायचंय.

आता १२ व्होल्टच्या पट्टीचं गणित बघा. साध्या पट्टीवर दर तीन दाण्यांमागे (दाणा म्हणजे एक एलईडी) एक बारीक रेझिस्टर असतो, बहुतेकदा १५० ओहमचा. तीन दाणे मिळून ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे २० मिलिअँपिअर. तीच पट्टी २१ व्होल्टला लावली की रेझिस्टरवर १२ व्होल्ट येतात, करंट जवळजवळ चौपट. दाण्यांचा व्होल्टेजही थोडा वाढतो म्हणून ७०-७५ धरा. पाव वॅटच्या रेझिस्टरला पाऊण वॅटच्या वर पचवायला लावताय. पहिली पाच मिनिटं उजेड बघून शेजारी कौतुक करतील, मग वास येईल. २४ व्होल्टची पट्टी जळणार नाही, पण बॅटरी अर्धीही उतरायच्या आत मिणमिणायला लागेल.

दुकानदाराचा रेझिस्टरचा सल्ला १० वॅटच्या चौकोनी सीओबीसाठी (एकाच पाटीवर अनेक बारीक एलईडी चिप बसवलेला दिवा) असणार. ती सीओबी साधारण १० व्होल्टला ०.९ अँपिअर घेते. १८ व्होल्ट धरून रेझिस्टर काढला तर ९ ओहम. बॅटरी ताजी असताना २१ व्होल्टला करंट १.२ अँपिअर, म्हणजे सीओबीला जास्तच, आणि एकट्या रेझिस्टरमध्ये १३ वॅट वाया. १५ व्होल्टला पोचेपर्यंत करंट ०.५५ वर. कंदील कमी, शेगडी जास्त.

मी करतो तो उपाय असा. १ वॅटचे पाच एलईडी एका सरीत. हे गोल किंवा षटकोनी ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेले मिळतात, "स्टार" म्हणून मागा. पाचच का? पांढरा एलईडी म्हणजे आत निळी चिप आणि वर पिवळं फॉस्फर, आणि त्याला साधारण ३ व्होल्ट लागतात. पाचांचे १५. म्हणजे लिथियमच्या एकेका सेलमागे एक दाणा. बॅटरी १६-१६.५ व्होल्टच्या वर आहे तोवर ड्रायव्हर करंट एकसारखा ठेवतो. त्याखाली आली की ड्रायव्हरला हात हलवायला जागाच उरत नाही आणि दिवा मंद व्हायला लागतो. सेल ३ व्होल्टला येईपर्यंत उजेड बराच कमी झालेला असतो आणि ओढही घटलेली असते. जुन्या बल्बची "बॅटरी उतरली हो" ही सूचना अशी परत मिळते, तीही वेगळं सर्किट न लावता. निकेल-कॅडमियमलाही हेच लागू पडतं, कारण तिचीही हद्द १५ च. सीओबी लावली तर हे होत नाही. ती १० व्होल्टची, त्यामुळे ड्रायव्हर बॅटरीला १२ व्होल्टपर्यंत खुशाल पिळत बसतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

ड्रायव्हर म्हणून पीटी४११५ या आयसीचं छोटं मॉड्यूल घ्या. स्वस्त आहे, ३० व्होल्टपर्यंत इनपुट चालतो. करंट किती ते त्यावरच्या एका काळ्या इवल्या रेझिस्टरवर ठरतं: ०.१ ला त्या ओहमने भागायचं. रेझिस्टरवर "आर३३०" छापलं असेल तर ०.३३ ओहम, म्हणजे ३०० मिलिअँपिअर. आपल्याला तेवढाच हवा. बाजारात १ वॅट म्हणून विकले जाणारे एलईडी ३५० ला चालतात असं सांगतात, ३०० वर ठेवले की निवांत राहतात. तसलेच दोन रेझिस्टर शेजारी शेजारी दिसले तर ते मॉड्यूल ६०० चं आहे. एक काढून टाका नाहीतर दुसरं मॉड्यूल मागा. दुकानदार "सगळी सारखीच असतात" म्हणेल. नसतात.

एक सर म्हणजे साडेचार वॅट, म्हणजे साडेचारशेच्या आसपास ल्युमेन (उजेडाचं माप). तुमचा जुना बल्ब दहा वॅटचा असला तरी शे-दीडशेच्या वर जात नव्हता. भरपूरच हवा असेल तर दुसरी पाचांची सर, तिला स्वतंत्र मॉड्यूल आणि स्वतंत्र स्विच. दोन सरी एकाच मॉड्यूलला समांतर जोडू नका, करंट सारखा वाटला जात नाही. दोन्ही लावल्या की घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बएवढा उजेड, आणि जेवायला बसताना एकच पुरते. २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर. एका सरीवर सात तासांच्या आसपास, दोन्हींवर साडेतीन.

आता बसवायचं कशावर? उष्णतेसाठी धातू हवाच, कारण एलईडीला दिलेल्या विजेतला बराच मोठा भाग उष्णतेतच जातो. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे ॲल्युमिनियमच्या चौकोनी सेक्शनचे तुकडे पडलेले असतात. इंचभर जाडीचा, बोटभर लांबीचा तुकडा घ्या. चार बाजूंना एकेक स्टार, पाचवा माथ्यावर. दुसरी सर असेल तर तुकडा दुप्पट लांब घेऊन तिचे पाचही खालच्या अंगाला. कंदिलासारखा चौफेर उजेड पडतो, रिफ्लेक्टर काढून टाका. स्टारखाली थर्मल पेस्टचा (उष्णता धातूत पोचवणारा लेप) पातळ थर, आणि दोन बारीक स्क्रू. फेविक्विकने चिकटवू नका, उष्णतेने सुटतं. स्टार बसवल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक एलईडीचं टोक आणि सेक्शन तपासा. बीप वाजला तर तो एलईडी आतून धातूला चिकटलेला आहे, बदला. तसे दोन निघाले तर मधले दाणे शॉर्ट होतील.

जोडणीचा क्रम: बॅटरीच्या प्लसपासून लगेच २ अँपिअरचा फ्यूज, मग स्विच, मग मॉड्यूल. फ्यूजला फाटा देऊ नका. ड्रिल फिरवणारा पॅक शॉर्ट झाला तर दहा-वीस अँपिअर सहज ओतेल आणि बारीक वायर क्षणात लाल होईल. गाडीतला ब्लेड फ्यूज होल्डरसकट मिळतो, तोच लावा. एलईडी आधी जोडून सोल्डर करा आणि मगच बॅटरी सरकवा. मॉड्यूल चालू असताना एलईडी जोडला तर आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेला २१ व्होल्ट एका झटक्यात त्याच्यावर येतो. पहिल्यांदा चालू करताना मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एलईडीच्या सरीत करंट बघा, ०.३० च्या आसपास हवा. बॅटरीच्या बाजूला मोजलात तर ०.२४ दिसेल. घाबरू नका, ते बरोबर आहे. ड्रायव्हर व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो.

अर्धा तास जाळून सेक्शनला बोट लावा. पाच सेकंद धरवलं पाहिजे. नाही धरवलं तर तुकडा लांब घ्या किंवा वरच्या झाकणाला भोकं पाडा. विदर्भात राहत असाल तर ही चाचणी मे महिन्याच्या दुपारी करा, डिसेंबरात सगळंच थंड लागतं. कंदिलाची काच म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच असतं, त्यातून दाणे डोळ्यांत खुपतात. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून आतून घासा, दुधी होतं. रंग ४००० केल्विनचा घ्या. दुकानात सगळे ६५०० चा पांढराफटक पुढे करतात, पण त्यावर पावसाळ्यात किडे जास्त जमतात. फक्त अंगणात वापरणार असाल तर ३००० चा पिवळसर आणखी बरा. सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, आणि बॅटरी सोडून सगळं हजाराच्या आत बसावं.

सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर आळशी रस्ताही आहे आणि तो वाईट नाही. ट्रॅक्टर किंवा जेसीबीला लावतात तो एलईडी फोकस ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो. त्यावर १०-३० किंवा ९-३२ व्होल्ट लिहिलेलं बघून घ्या. ड्रायव्हर आतच, अंग ॲल्युमिनियमचं, पाण्याची भीती नाही, १८ व्होल्टच्या पॅकला फ्यूजमधून सरळ जोडा. दोन अडचणी. उजेड एकाच दिशेला. आणि हा फोकस ९-१० व्होल्टपर्यंत जळत राहतो, म्हणजे पाच सेलांची माती. त्यामुळे इथे लो-व्होल्टेज कट-ऑफचं मॉड्यूल सक्तीचं. १५.५ ला तोड, १८ च्या वर परत जोड, असं लावा. मधलं अंतर मुद्दाम मोठं ठेवायचं, कारण भार सुटला की बॅटरीचा व्होल्टेज परत वर उसळतो. अंतर कमी असेल तर दिवा लागतोय-विझतोय असा खेळ रात्रभर चालू.

"पण लिथियम पॅकमध्ये संरक्षण असतंच ना?" असं कोणीतरी म्हणेलच. काही पॅक स्वतः तोडतात, काहींत ते काम ड्रिलमधल्या सर्किटवर सोपवलेलं असतं. तुमचा जुना कंदील निकेल-कॅडमियमच्या काळातला, त्याच्या आत असं सर्किट असण्याचं कारण नाही. त्यामुळे भरवसा ठेवू नका. वर सांगितलेल्या पाच दाण्यांच्या युक्तीनेही ओढ मंदावते, शून्य होत नाही. स्विच विसरून कंदील आठवडाभर पडून राहिला तर सेल मरायचे ते मरतीलच. काम झालं की बॅटरी काढून ठेवायची.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. जुना निकेल-कॅडमियमचा चार्जर नव्या लिथियम पॅकला लावू नका, खोबणीत बसला तरी नाही. रायोबीसारख्या कंपनीने १८ व्होल्टचा बॅटरीचा आकार १९९६ पासून तोच ठेवलाय, त्यामुळे जुन्या यंत्रात नवा पॅक सहज बसतो आणि माणूस चार्जरबद्दलही तसंच गृहीत धरतो. लिथियमचा चार्जर २१ व्होल्टला येऊन थांबतो. जुने स्वस्त चार्जर तसं थांबत नाहीत.

हे सगळं बल्बच्या कंदिलाचं झालं. उघडल्यावर आत बल्बऐवजी इंग्रजी यू आकाराची छोटी ट्यूब निघाली तर तिच्यामागे इन्व्हर्टरची पाटी असेल. ती पाटी पूर्ण काढून टाका, तिच्या आउटपुटला एलईडी जोडू नका. ट्यूब पेटवताना तिथे शेकडो व्होल्ट येतात. बॅटरीच्या दोन वायरी तेवढ्या वापरा आणि पुढचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे. ट्यूब न फोडता ई-कचऱ्यात द्या, आत पारा असतो.