पानं पिवळी पडली की आधी कंद कापून बघा

जर्मनीतल्या हाइलब्रॉनहून लिहिणाऱ्या दादांची पोस्ट वाचून गलबललं. जुलैपर्यंत साखरबीट हिरवंगार, ऑगस्टात पानं पिवळी, पहिल्याच खेपेला साखर जेमतेम १४ टक्के, आणि विचारताय की पाणी कमी पडलं की नत्र. अगदी हेच प्रश्न घेऊन मी फिरत होते. माहेर वाळवा तालुक्यातलं, उसात वाढलेली. राइनच्या काठी सासरची बीटशेती बघतेय.

जुनी पानं पिवळी, मधली नवी पानं अरुंद आणि एका बाजूला वाकडी, कंद आडवा कापल्यावर आत तपकिरी रेषा, असं असेल तर नत्राचा विषय सोडा. वरून नत्र दिलंत तर साखर आणखी उतरते. मावा ज्या विषाणूंमुळे पीक पिवळं पाडतो तो रोग वेगळा. हा बहुधा तुडतुड्यांनी पसरवलेला, म्हणजे एसबीआर, बिटातली साखर उतरवणारा रोग. एक जिवाणू आणि एक फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखाच, पण भिंत नसलेला सूक्ष्मजीव) मिळून हे करतात. आपल्याकडे उसात गवताळ वाढ होते ना, तिच्या मुळाशीही फायटोप्लाझ्माच असतो. फायटोप्लाझ्माचा जोर जास्त असला की कंद रबरासारखा लवचिक होतो.

माझं खरं नुकसान बिटात झालं नाही, गव्हात झालं. बीट काढलं की लगेच हिवाळी गहू, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची फेरपालट. तुडतुडे बिटाच्या शेतात अंडी घालतात, पिल्लं जमिनीत उतरतात आणि गव्हाच्या मुळांवर हिवाळा काढतात. मे सरता सरता त्याच गव्हातून पंख फुटून शेजारच्या बिटावर. सलग ३ वर्षं मी स्वतःच्या हाताने त्यांची सोय करत होते! सल्ला देणाऱ्या कार्यालयात कापलेले कंद पिशवीत घालून नेले, तर टेबलावर न ठेवताच ‘दुष्काळाचं वर्ष आहे’ असं सांगून परत पाठवलं. दुसऱ्या वर्षीही तेच. त्या वेळी कोणी फक्त ‘गहू पेरू नका’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. अजून आठवलं की जीव जळतो.

आता आम्ही बिटानंतर रान रिकामं ठेवतो आणि वसंतात मका टाकतो. अनुदानाच्या अटींत हिवाळ्यात जमीन झाकलेली ठेवायचा नियम असतो, तेव्हा अर्ज भरण्याआधी तुमच्या राज्याचं नीट तपासा. मी शेतकरी आहे, तज्ज्ञ नाही. कंद प्रयोगशाळेत पाठवाच. शेजाऱ्यांनाही सोबत घ्या, तुडतुडे बांध बघत नाहीत. आणि शेतात बटाटा किंवा कांदा असेल तर त्यावरही लक्ष ठेवा, ते आता तिथेही पोचलेत.

साखर कारखान्याशी बिटाचा करार पुढे चालू ठेवू का, असंही दादांनी विचारलंय. माझं मत, पटलं तर घ्या. गावाकडे एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, एकट्याचा ऊस कमी पडला तरी तो सगळ्यांत वाटला जातो. इथे प्रत्येक खेपेचा नमुना वेगळा. माती वजा, साखर कमी म्हणून दर कमी; रोगाचा सगळा भार एका घरावर. २०१७ पर्यंत साखरेच्या उत्पादनाचा कोटा होता, कोट्यातल्या बिटाला टनाला किमान २६.२९ युरो ठरलेले होते, तोही आधार गेला. करारात रोगाच्या वर्षासाठी काही तरतूद आहे का ते आधी विचारा. नसेल तर क्षेत्र निम्मं करा.

ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, काही मागायचं तर मी आयात रोखण्याच्या आधी कीडनाशक औषधाचं मागेन. निओनिकोटिनॉइड गटातली तीन प्रमुख कीटकनाशकं उघड्या शेतात २०१८ मध्ये बंद झाली आणि २०२३ च्या जानेवारीत युरोपीय न्यायालयाने ती बियाण्याला लावण्याच्या सवलतीही अडवल्या. मधमाश्यांची काळजी मलाही आहे. पण त्या बदल्यात हाती काय दिलं? आणीबाणीची परवानगी फार तर १२० दिवसांची, दर वर्षी नव्याने. तुडतुडे मेच्या उत्तरार्धापासून उडतात. परवानगी त्याआधी हातात पडली तरच उपयोग. सहनशील वाणांवर पैसा ओतायला हवा, तोही आत्ता. आयातीचं दुखणं खरंच आहे: युक्रेनची साखर २०२२ ते २०२४ मध्ये मर्यादेविना करमुक्त येत होती, आणि मेर्कोसुर (दक्षिण अमेरिकी देशांचा गट) करारात ब्राझीलच्या १,८०,००० टनांना शुल्कमाफी आहे. इथे बंद असलेली औषधं तिथल्या पिकाला चालतात, हे मला अन्यायाचं वाटतं.

या शरदात त्या रानात गहू पेरायचा विचार असेल तर थांबा. कापलेल्या कंदाचे फोटो इथे टाका, मी बघते.