संस्था नोंदवण्याआधी सात माणसं नीट निवडा

डिचोलीत मुलांसाठी अभ्यासिका काढताय, मनापासून आनंद झाला. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, पण केवळ आकडा भरायला भाऊ-वहिनींची नावं घालू नका. बैठकीला येणारे, इतिवृत्त वाचून मगच सही करणारे सातजण शोधा. त्यातही खजिनदार! चतुर्थीच्या गडबडीतसुद्धा पैसे हातात पडले की लगेच पावती फाडणारा हवा. असा माणूस मिळाला तर अध्यक्ष कोणीही चालेल, असं माझं ठाम मत आहे. बँकेचं खातं संस्थेच्याच नावावर, दोघांच्या सह्यांचं ठेवा. मोठी देणगी चेकनेच घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा. आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र याच आठवड्यात लेखी घ्या.